शटरचा टीव्ही

आमच्या आळीत पहिला टीव्ही आला तो शटरचा. सागवानी रंगाचं लाकडी खोकं, खाली चार बारके पाय, आणि तोंडावर दोन बाजूंनी सरकत येऊन मधोमध मिळणाऱ्या फळ्या. फळ्यांना कुलूप. ज्यांच्या घरी तो होता त्यांना सगळी आळी नाना म्हणायची, आणि किल्ली नानांच्या करदोट्याला. ते शटर सरकवायचे तेव्हा खर्रर्र असा आवाज व्हायचा. तो कानावर आला की आम्ही पोरं रस्त्यावरचा डाव मोडून पळत सुटायचो.

बसायच्या जागा न सांगता ठरलेल्या होत्या. घरची माणसं पलंगावर, भावकी सतरंजीवर, बाकीची पोरं उंबऱ्याच्या अलीकडं किंवा पलीकडं. मी पलीकडचा. वारा सुटला की छपरावरचा अँटेना फिरायचा, पडद्यावर मुंग्या यायच्या, मग पलीकडच्यांपैकी कुणीतरी पत्र्यावर चढायचं. ते काम बहुतेक माझ्याकडं यायचं, कारण मी वजनानं हलका होतो आणि नाही म्हणायची माझी टाप नव्हती. एका हातानं पाईप धरून मी वर उभा, आणि खालून हाळ्या, "जरा सोलापूरकडं घे... आला, आला... आरं गेला!" त्यामुळं दूरदर्शनच्या त्या काळातल्या कितीतरी गोष्टी मी नुसत्या ऐकल्यात. रामायणातलं एक अख्खं युद्ध मी पत्र्यावरून ऐकलं. अजूनही बाण म्हटलं की मला पायाखालचा तापलेला पत्रा आठवतो.

'गोट्या' मी असाच निम्मा पाहिला, निम्मा ऐकला. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची मालिका, दिग्दर्शन राजदत्त यांचं, जॉय घाणेकर हा मुलगा गोट्या झाला होता. आईबाप नसलेला पोरगा परक्या घरात येतो आणि हुशारीनं, सरळपणानं त्या घरचाच होऊन जातो. मला तो आवडायचा आणि त्याचा हेवाही वाटायचा. त्याच्याभोवतीची माणसं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत, तिचा हेवा. फाटक्या परिस्थितीकडं कुणी मायेनं बघतं हे मला नवीन होतं. आमच्याकडं कुणी बघितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "पायात का न्हाय काय?"

'श्यामची आई'चंही तेच. गुरुजी वर्गात वाचायचे आणि अर्धा वर्ग डोळे पुसायचा. साने गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच जाणवायचं की श्यामच्या गरिबीला बोलणारी आई आहे. माझी आई खुरपणीवरून आली की बोलायची नाही. भाकरी थापायची आणि थापता थापता पेंगायची. परातीवर तिचा हात थांबला की आम्ही भावंडं एकमेकांना गप्प करायचो.

आमचं गाव पळसदेव. पळसदेव म्हटल्यावर पुणे-सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्यांना भिगवण आणि इंदापूर यांच्या मधलं एक गाव आठवत असेल. आमचं जुनं गाव ते नाही. ते पाण्यात आहे. भीमेवरचं उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. पाणी चढत गेलं तसं गाव वर सरकलं, देवसुद्धा सरकला. पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात राहिलं आणि नव्या गावठाणात नवं उभं राहिलं. मी तेव्हा पाचएक वर्षांचा असेन. जुन्या घराचं मला एकच आठवतं. आजी चूल खणून काढत होती. वडील म्हणाले, "अगं, माती तिकडंबी हाय." ती म्हणाली, "ही भाजल्याली हाय."

आमचं नदीकाठचं काळं रान गेलं. मोबदला तुकड्यातुकड्यानं आला आणि तसाच गेला. बदली जमीन लांब, हाताशी येईतो वडिलांचे केस पिकले. तोवर ते दुसऱ्याच्या उसात दारं धरायला जाऊ लागले. ज्या पाण्यानं रान नेलं तेच पाणी मोटारीनं वर चढवून लोकांनी ऊस केला, आणि त्या उसाला रात्रीच्या लाईटवर पाणी पाजायला आमचे वडील. ते यावर कधी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. आता मागं वळून पाहताना वाटतं, पिढ्यानपिढ्या ज्यांच्या घरी काही नाही त्यांना गरिबीची एक रीत तरी ठाऊक असते, उसनं कसं मागावं, कुणाच्या दारात कुठं उभं राहावं. आम्ही नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत गरीब झालो. आम्हाला रीत येत नव्हती. सगळा जीव झाकण्यात गेला. आई धुणं रात्री वाळत घालायची. दिवसा घातलं तर फाटकं दिसतं.

शाळेत मात्र झाकता येत नसे. फी माफ व्हावी म्हणून ईबीसीचा फॉर्म असायचा. आम्ही त्याला इबीशी म्हणायचो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागे, आणि दाखल्यासाठी वडिलांना हेलपाटे. मग एखाद्या सकाळी वर्गात पुकारा, "इबीशीवाल्यांपैकी दाखला कुणाकुणाचा राहिलाय, उभे राहा." त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. यादी पुरी करायची असे, इतकंच. पण पंधरा-सोळाव्या वर्षी उभं राहणं फार लांबतं. मुलींच्या बाकाकडं बघायचं नाही असं ठरवलेलं असतं आणि मान तिकडंच वळते.

यातून मी एक गोष्ट शिकलो, आणि ती मला कुणी शिकवली नव्हती. आपल्याकडं कुणी बघू नये असं वाटत असेल तर दुसऱ्याकडं बोट दाखवावं.

त्या वर्षीच्या लग्नसराईत आळीतल्या एका वरातीत मी नाचत होतो. अंगात मावसभावाचा शर्ट, निळा, चकाकता. माप मोठं होतं ते चालून गेलं असतं, पण उजव्या काखेत तो बोटभर उसवलेला होता. म्हणून मी हात खाली ठेवून नाचत होतो. बँडवर हात खाली ठेवून नाचणं किती अवघड असतं ते करून बघावं. कुणीतरी ओरडलं, "आरं हात वर कर की, मयताला आलायस का?" चारपाच जण वळले. आणि नेमकी तेव्हा गॅसबत्त्यांची रांग आमच्या जवळ आली.

गॅसबत्ती आता कुणाला सांगून कळायची नाही. रॉकेलची टाकी, वर काच, आत रेशमी मेंटल, पंप मारला की सूंऽऽ करत पांढराफेक उजेड. किडे त्यावर आदळून खाली पडायचे. अशा दहा-बारा बत्त्या दोन बाजूंना, डोक्यांवर. बत्ती धरणाऱ्याची एक गंमत असते. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. त्याच्या उजेडात सगळे दिसतात, नवरदेव, घोडा, करवल्यांच्या साड्या, आणि त्याचा स्वतःचा चेहरा टाकीच्या सावलीत जातो. त्या सावलीत मला माझ्या वर्गातला एकजण दिसला. पुढच्या बाकावर बसणारा, गणितात बरा. त्यांच्या घरी वाजवण्याचं आणि बत्त्यांचं काम होतं. त्यांची जात मी इथं लिहीत नाही. त्याला विचारल्याशिवाय ती लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा तेच करणं होईल.

मी बोट केलं आणि ओरडलो, "आरं बघा, आपल्या वर्गाचा डांब!" आमच्याकडं विजेच्या खांबाला डांब म्हणतात. पोरं हसली. माझ्या हाताकडं मग कुणाचं लक्ष राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुणीतरी खांबाचं चित्र काढलं होतं, आणि दहावीपर्यंत तो डांबच राहिला. दहावीला तो बसला नाही.

यानंतर मधली वीस-पंचवीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. प्रकल्पग्रस्ताचा दाखला घेऊन मी एका कचेरीत चिकटलो, बारामतीला बिऱ्हाड केलं, हप्त्यानं टीव्ही घेतला. शटर नसलेला.

त्या टीव्हीवर एका रविवारी 'फँड्री' लागला. थिएटरात तो लागून बरेच दिवस झाले होते. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो आला तेव्हा लोकांना प्रेमकथा वाटली असणार, तारीखच तशी. मला जायचं होतं आणि मी गेलो नव्हतो. नागराज मंजुळे हा आमच्या पाण्यापलीकडचा माणूस, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. कळाशीच्या काठावरून लाँचमध्ये बसलं की पलीकडं कुगाव, तिथून करमाळा तालुका सुरू. त्यांनी 'सैराट'मध्ये दाखवलेला पाण्यातला वाडा त्याच कुगावचा. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे त्याच तालुक्यातल्या केमचा, हलगी वाजवणारा पोरगा. त्याला बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि मंजुळ्यांना पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचं. एवढं सगळं जवळचं असताना मी तो चित्रपट टाळला होता. कारण मला अंदाज होता.

फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गोष्ट साधी आहे. जब्या शाळेत जातो, वर्गातली शालू त्याला आवडते, त्याला जीन पँट घ्यायचीय, काळी चिमणी धरायचीय. बापाला गाव जी कामं सांगतं त्यात डुकरं धरणंही आलं, आणि ते शाळेशेजारी, सगळ्यांच्या देखत. मी असे पुष्कळ चित्रपट पाहिलेत ज्यांत गरीब पोराला भूक लागते. जब्याला भूक लागलेली मला आठवत नाही. त्याला दिसायचं नाहीये. शालूनं बघू नये म्हणून तो आडोशाला दडतो आणि किशोर कदमांचा कचरू त्याच्यावर ओरडतो. बापाला पोटाची घाई, पोराला नजरेची. दोघंही बरोबर असल्यामुळं तो प्रसंग सोसवत नाही. राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुक्कर हाताशी आलेलं असताना सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. आमच्या हॉलमध्ये माझा मुलगा हसला. तिथं हसू येतंच.

मी मात्र आधीच अडकलो होतो, जत्रेच्या प्रसंगात. नवे कपडे घालून जब्या नाचायला मिळालेला असतो आणि त्याला बत्ती धरून उभं राहावं लागतं. इथं जाहिराती लागल्या. पहिलीच गोरं करणाऱ्या मलमाची. जब्या आधीच पावडर थापून बसलेला, नाक सरळ व्हावं म्हणून चिमटा लावणारा, आणि मधेच ही जाहिरात. कुणी मुद्दाम ठरवून लावली असती तर तिला दाद दिली असती. बायको चहा टाकायला उठली. मुलानं विचारलं, "बाबा, तुम्हीपण असेच गरीब होता का?"

मी म्हणालो, "नाही."

त्याला ते खोटं वाटलं असेल, कारण आजीकडून त्यानं पुष्कळ ऐकलेलं आहे. पण मी खरं तेच सांगितलं. मी असा गरीब नव्हतो. माझी गरिबी निळ्या शर्टाखाली झाकता यायची. ती रात्री वाळत घालता यायची. जब्याची झाकायला जागाच नाही, कारण त्याचं काम गावानं भर चौकात ठेवलंय. आम्हाला गावानं बघू नये म्हणून धडपडायचं असतं, त्याला गाव बोलावून बघतं. गरिबी आणि जात यांतला फरक मी पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. तो कळला बत्तीपाशी.

शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ पडद्यावर येतो. त्यावर इतकं लिहून झालंय की मी काही बोलणार नाही. फ्रान्समधल्या त्रुफोच्या १९५९ च्या चित्रपटात असाच एक पोरगा शेवटी समुद्रापर्यंत पळत जातो, वळतो, आपल्याकडं बघतो, आणि चित्र तिथंच थांबतं. तो नुसता बघतो. आमच्याकडच्या पोराला दगड घ्यावा लागला. माझं म्हणाल तर दगडाची मला फारशी धास्ती वाटली नाही. तो सगळ्यांवर येतो, वाटणीला थोडा येतो. बत्तीतला वाटा मात्र माझ्या एकट्याचा होता.

आताच्या मालिका बायको लावते तेव्हा मी पेपर वाचत बसतो, पण डोळा जातो. गरीब घरातली नायिका प्रत्येक वाहिनीवर एक तरी असते. तिच्या घराच्या भिंतीला पोपडे असतात आणि ते रंगवलेले आहेत हे इकडून दिसतं. चुलीवरचा तवा काळा नसतो. मुख्य म्हणजे त्या घरात कुणाला कधी लाज वाटत नाही. रडतात, झगडतात, श्रीमंत सासूला सुनावतात, पण दारात अचानक पाहुणा आला म्हणून फुटका कप मागं सारत नाहीत. गोट्याच्या वेळी निदान तेवढं होतं असं मला वाटतं. अर्थात मी ते पत्र्यावरून ऐकलं आहे, तेव्हा माझ्या आठवणीवर फार विसंबू नये.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली. हे आमच्याकडचं रोजचं बोलणं आहे, बाहेरच्याला सांगावं लागतं. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं साडेत्रेपन्न वापरायचं आणि त्रेसष्टच्या वर मृतसाठ्यातलं. वापरायचं संपलं की शून्य टक्के, आणि त्याखाली मोजणी उणे. जूनच्या सुरुवातीला ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास होती. इतकं पाणी उतरलं की जुनं पळसदेव वर येतं. पळसनाथाचं विटांचं शिखर, खालचे दगडी खांब, गाळानं माखलेले वीरगळ, घरांच्या जोत्यांच्या रेषा. मग पेपरात फोटो येतात आणि पुण्याहून गाड्या येतात. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाईप पाण्याच्या मागं मागं पळत असतात, केबलीवर केबली जोडल्या जातात, आणि बाजूनं लोक सेल्फी काढत देवळाकडं जात असतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही बारामतीहून तेवढ्यासाठीच गेलो होतो.

भेगाळलेल्या गाळावरून चालत मी आमचं घर कुठं असेल त्याचा अंदाज घेत होतो. चूल तर आजीनं नेलेली. मागून हाक आली, "काय रं, डांबाला वळखत न्हाईस व्हय?"

पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, बोटाला धरलेली पाच-सहा वर्षांची नात. त्याचा आता मंडपाचा आणि लायटिंगचा धंदा. दोन छोटा हत्ती, एक जनरेटर. लग्नाच्या हंगामात चार गावांची कामं असतात म्हणाला. नातीला देऊळ दाखवायला आणलं होतं. तिला देवळापेक्षा गाळातल्या शिंपल्यांत जास्त रस होता. तो बोलत होता आणि मी ते एक वाक्य जुळवत होतो जे मी चौतीस-पस्तीस वर्षं जुळवतो आहे. मला ते काही जमेना, म्हणून मी आडून विचारलं, "फँड्री बघितलास का?"

"टीव्हीला लागला व्हता. पोरीनं लावला."

"मग?"

"चांगलाय की." थोडा वेळ तो शिखराकडं बघत राहिला. "त्या पोराला बत्ती दिली न्हवं का, तवा मी चुंबळच बघत बसलो. आमची आई चुंबळ करायची लुगड्याची, दुहेरी. न्हायतर टाकीची कड टाळूत रुतती, आन् वरनं राकेल गळतं मानंवर. दोन दिस वास जात न्हाय. शाळंत लोक म्हणायचं, कसला वास येतोय."

मी काहीच बोललो नाही. मुलगी शिंपल्यांची ओंजळ घेऊन आली, ती त्यानं सदऱ्याच्या खिशात भरली.

"तुला एक इचारू का?" तो म्हणाला. "त्या वरातीत तू हात का वर करत नव्हतास रं? मी बत्तीखालनं तुलाच बघत व्हतो. मला वाटलं, काखंत गळू झालंय का काय याच्या."

"शर्ट उसवला होता."

"हात्तिच्या!" असं म्हणून तो इतका मोठ्यानं हसला की देवळापाशी फोटो काढणारी पोरं वळून बघायला लागली.